बाई भित्री, की तिचा हात रिकामा?

(माजिवडा, ठाणे येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



बाईने धंद्यासाठी मोठे कर्ज मागितले की एक वाक्य हटकून ऐकू येते: "बायका घाबरतात, जोखीम घेणे त्यांच्या स्वभावातच नाही." हल्ली हेच शास्त्राच्या नावाने सांगतात. तेव्हा हे शास्त्र कुणाला विचारून आले, ते बघू या.

अमेरिकेत पिट्सबर्गला म्युरिएल नीडर्ले आणि लीझ व्हेस्टरलुंड या दोघींनी केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलामुलींना बेरजा दिल्या. मोबदला कसा हवा, ते ज्याचे त्याने ठरवायचे. बरोबर बेरजेमागे ठरलेला पैसा, की स्पर्धा? जिंकलात तर जास्त, हरलात तर काही नाही. बेरजा दोघांना सारख्याच जमल्या. तरी स्पर्धा निवडली शंभरातल्या ७३ मुलग्यांनी आणि ३५ मुलींनी. झाले! बाईला चढाओढ नकोच, असे म्हणायला लोक मोकळे.

पण पिट्सबर्गची मुलगी म्हणजे जगातली बाई नव्हे. मानसशास्त्राच्या सहा मोठ्या अमेरिकन नियतकालिकांत ज्यांच्यावर प्रयोग झाले, ते ९६ टक्के लोक जगाच्या जेमतेम १२ टक्के वस्तीच्या देशांतले होते, अशी मोजदाद जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली मांडली. उरलेल्या जगाला कुणी विचारलेच नव्हते.

मग पडताळा कसा घ्यायचा? तोच प्रश्न दुसरीकडे विचारून. तीन संशोधकांनी टांझानियातल्या मसाई आणि आपल्या मेघालयातल्या खासी लोकांत तो विचारला. २००९ साली ते प्रसिद्ध झाले. बेरजांऐवजी इथे चेंडू बादलीत टाकायचा होता. मसाई समाजात सारी सत्ता पुरुषांची. तिथे स्पर्धा निवडली ५० टक्के पुरुषांनी आणि २६ टक्के बायकांनी. खासींमध्ये वंश आईवरून चालतो, घर धाकट्या लेकीकडे जाते. तिथे बायका ५४ टक्के, पुरुष ३९! खासी समाजात बायकांचे राज्य आहे असे मात्र समजू नका. गावच्या दरबारात परंपरेने पुरुषच बसत. पण डोक्यावरचे छप्पर बाईच्या नावे असले, तर एवढा फरक पडू शकतो.

गरिबांनाही असेच भित्रे म्हणतात. त्याचा पडताळा आपल्या महाराष्ट्रात झाला आहे. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर, कळमण आणि अकोला जिल्ह्यातली कंझारा, किनखेडा ही गावे इक्रिसॅट या संस्थेच्या अभ्यासात होती. तिथे आणि तेव्हाच्या आंध्रातल्या गावांत हान्स बिन्सवांगर यांनी खऱ्या पैशांनी छापा-काटा खेळवला. निमूट ५० रुपये घ्या, किंवा नाणे उडवा आणि ४० तरी घ्या नाहीतर १२०, किंवा शून्य नाहीतर २००. निष्कर्ष १९८० साली छापून आला. रक्कम मोठी झाली की गरीब आणि सधन जवळजवळ सारखेच जपून खेळले. म्हणजे गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही, ते स्वभावामुळे नव्हे. त्याला कर्ज मिळत नाही, बुडाले तर सावरायला काही नसते.

बायकांचेही तसेच नाही का? दुकान चालले नाही तर दागिना जाणार, आणि वर घरात ऐकून घ्यावे लागणार. ज्याला हरणे परवडते त्याला धाडसी म्हणायचे आणि जिला परवडत नाही तिला भित्री, हा कुठला न्याय?

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणाले, "अभ्यासात सिद्ध झालंय", तर तीन गोष्टी विचारा. कुठल्या बायकांना विचारले? त्यांच्या नावावर काय होते? आणि विचारताना शेजारी कोण बसले होते?

हा तिसरा प्रश्न आपणच तपासू शकतो. "पन्नास हजार हाती आले तर काय कराल?" हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला एकदा घरी, सगळ्यांसमोर विचारा आणि एकदा इथे, एकटीला. दोन्ही उत्तरे लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला ती शेजारी शेजारी ठेवून वाचू.