अलंकार आणि हातावरचे पोट



इंग्रजीच्या तासाला मुलांना ज्या साहित्यसंज्ञा घोकाव्या लागतात, त्यांची उजळणी करावयास चिटणिसांनी एका युनियनवाल्याला उभे केले आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे इंग्रजी नोटीसबोर्डापुढे, हातात डिक्शनरी घेऊन झाले. पण या संज्ञा केवळ परीक्षेच्या नाहीत, हे त्या बोर्डानेच मला पटविले.

पहिली संज्ञा सिनेक्डोकी. अवयव सांगावयाचा आणि सगळा माणूस समजावयाचा. 'चार डोकी जमली' असे आपण म्हणतोच. इंग्रजीत कारखान्यातल्या मजुरांना 'हँड्स' म्हणत. डिकन्सच्या १८५४ सालच्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीत गिरणीकामगार याच नावाने वावरतात, आणि त्या नावातले काटे लेखकाने नेमके दाखविले आहेत. आपणही कामाला 'हात' मोजतो आणि धान्य वाटताना 'तोंडे' मोजतो. माणूस तोच, मोजणाराचा हेतू बदलला की अवयव बदलतो. म्हणून विचारावे, की हाच अवयव का निवडला?

दुसरी युफेमिझम, म्हणजे सौम्योक्ती. आपण नारळ फोडीत नाही, वाढवितो. दुकान बंद करीत नाही, तेही वाढवितो. यात मांगल्याची भावना आहे. पण कामावरून काढलेल्या माणसालाही आपण 'नारळ दिला' म्हणतो! आणि 'स्वेच्छानिवृत्ती' या शब्दातली इच्छा पुष्कळदा सही करणाराची नसते.

तिसरी मेटाफर, आपले रूपक. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली 'रिट्रेंचमेंट'ची व्याख्या घातली गेली. मराठीत आपण त्याला 'छाटणी' म्हटले. नाशिककडचा बागाईतदार द्राक्षवेलीची एप्रिलात आणि ऑक्टोबरात छाटणी करतो, तेव्हा वेल फळाला येते. रूपक गोड आहे. पण छाटलेल्या काडीला बायकामुले नसतात. रूपक भेटले की ते शेवटपर्यंत ताणून पाहावे. जेथे तुटते, तेथे खरी गोष्ट लपलेली असते.

क्रियापदेही पाहा. 'असे ठरविण्यात आले आहे.' कोणी ठरविले? १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या 'बंद पडल्या' असे आपण सहज बोलतो. जणू पावसाने भिंत पडावी. केल्या की पडल्या, एवढे तरी विचारावे.

आता माझ्याच घरातला केर काढतो. ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली: इथॉस म्हणजे वक्त्याची पत, पॅथॉस म्हणजे श्रोत्यांची भावना, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये अँटनी ब्रूटसच्या थोरवीचे एकच विशेषण पुन्हा पुन्हा उच्चारतो, आणि प्रत्येक खेपेस त्याचा अर्थ उलटत जातो. ही आयरनी; आपल्याकडची व्याजस्तुती तिची बहीण. जमाव पेटतो. पण लगेच पुढच्या प्रवेशात तोच जमाव सिन्ना नावाच्या कवीला, केवळ कटवाल्याशी नाव जुळते म्हणून, ठार करतो. हा प्रवेश वाचला की मला माझे एक भाषण आठवते. तिशीत होतो. द्वारसभेत एकच वाक्य सात वेळा फिरविले. पॅथॉस भरपूर, लोगॉस नाही. संप ठरला आणि महिन्याभरात मोडला. टाळ्या मला मिळाल्या, उपास त्यांना घडले. त्या सभेत एकाने जरी उठून विचारले असते, "भाऊ, हिशेब काय?" तर मी गप्प झालो असतो आणि घरे वाचली असती.

विद्यार्थ्यांनो, व्याख्या पाठ करा, गुण मिळवा. पण पेपर संपल्यावर त्या विसरू नका. पुढे नोटीस वाचाल, जाहिरात वाचाल, पुढाऱ्याचे भाषण ऐकाल, तेव्हा त्या बाहेर काढा. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला शब्दावर विसंबून चालत नाही. शब्द वाजवून घ्यावा लागतो. आज मी बोललो तोही घ्यावा.