स्कूटरचा भरवसा कशावर?

(गोडदेव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्यांच्या बैठकीत स्कूटरवर काय बोलायचे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने जरा मांडवाबाहेर नजर टाकावी. बैलगाडी एकही नाही. उभ्या आहेत त्या सगळ्या दुचाक्या. बियाणे, खत, वीज, पाणी यांवर आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो. पिकलेला माल पहाटे चार वाजता स्टेशनवर कशावर जातो, दुधाचे कॅन कशावर येतात, बाळंतिणीला दवाखान्यात कशावर नेतात, यावर कोणी बोलत नाही. ज्या दिवशी गाडी सुरू होत नाही त्या दिवशी भाजी घरातच सुकते. तेव्हा हा विषय चैनीचा नाही, कमाईचा आहे.

आणि तो गोडदेवला बोलण्यात अर्थ आहे. या गावाच्या आसपास खाजणातली भातशेती होती, पलीकडे मिठागरे होती. १९८५ साली नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, भाताच्या बांधांवर इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेली तरी खारी हवा कुठे गेली नाही. इथे लोखंड किती दिवस टिकते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, दारातल्या गाडीचे पत्रे उलटून पाहिले की कळते. मुरबाड-शहापूरकडून आलेल्या मंडळींचा वैरी चढ आणि चिखल, आमचा वैरी मीठ. स्कूटर मात्र दोघांनी एकच वापरली.

आज दुकानात जायचे, कागदांवर सह्या करायच्या आणि गाडी घेऊन यायची. समोर बसलेल्या पोरांना वाटेल की हे असेच असते. तसे नव्हते. १९५० च्या दशकात भांडुपला लँब्रेटा तयार होऊ लागली. १९६० च्या सुमाराला बजाज कंपनीने आकुर्डीला इटलीच्या कंपनीच्या परवानगीने व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स निघाली, तिची प्रिया आली. म्हणजे स्कूटर बनवणारे या राज्यातच होते, कामगार होते, गिऱ्हाईक तर दारात उभे होते. तरी पैसे भरून, नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. का? कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे दिल्लीच्या परवान्यात लिहिलेले असे. जास्त बनवणे हा गुन्हा! वाटपावरही सरकारचा हात. परदेशी चलन भरणाऱ्याला मात्र लवकर गाडी मिळे. ज्याचा नंबर लागे तो शोरूमच्या दारातच वर पैसे घेऊन ती दुसऱ्याला विकू शके. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या बापाने स्कूटर मागायची ती याच टंचाईमुळे. मागणारा नुसती वस्तू मागत नव्हता, दहा वर्षांची रांग मुलीच्या बापाच्या डोक्यावर टाकत होता.

चेतक आली त्याच १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिकडे विकणाऱ्याला एकच गिऱ्हाईक आणि इकडे घेणाऱ्याला भली मोठी रांग. दोन्हीकडे उभा कोण? तुम्ही आम्हीच.

जुनी माणसे त्या स्कूटरची तारीफ करतात ती खोटी नाही, पण तिचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. ती गाडी कधी बिघडत नव्हती म्हणून ती भरवशाची, असे नव्हे. ती बिघडे, आणि चांगली बिघडे. सकाळी दोन-चार किका खाल्ल्याशिवाय कित्येक गाड्या जाग्या होत नसत. गाडी एका अंगावर कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किक मारायची, हा सोहळा गल्लोगल्ली चाले. पेट्रोलमध्ये शंभराला दोन या हिशेबाने ऑईल मिसळावे लागे. जास्त पडले की प्लग काळा, कमी पडले की पिस्टन धरला. सायलेन्सरमध्ये कार्बन साचे आणि चढावर गाडी दमेकऱ्यासारखी वागे. क्लचची तार हँडलपाशी कुरतडत जाऊन नेमकी भर रस्त्यात तुटे.

मग भरवसा कसला? भरवसा असा की यातले काहीही झाले तरी गाडी त्याच दिवशी, बहुतेक वेळा त्याच जागी सुरू होई. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत, त्यांची साखळी नाही, हलणारे भाग मोजके. एक प्लगचा पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर, जादा प्लग आणि तारेचे एक वेटोळे एवढा दवाखाना डाव्या डिकीत मावे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा लावायचा. चाक पंक्चर झाले तर मागची स्टेपनी पुढेही बसे आणि मागेही बसे. रिम दोन तुकड्यांची. आधी हवा काढायची, मग नट सोडायचे, की टायर हातात. क्लचची तार तुटली तर गाडी गिअरमध्ये टाकून ढकलत सुरू करायची आणि न थांबता घर गाठायचे. चौथी पास माणूस हे सारे करी. पाहून पाहून शिकलेला होता तो. दहा वर्षे वाट पाहून आलेल्या गाडीचे पोट त्याने स्वतः उघडून पाहिलेले असे.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्या या पट्ट्यातही गाड्या पाण्यात गेल्या. पाणी उतरल्यावर ज्यांनी घाईने किक मारली त्यांनी इंजिनाचे नुकसान करून घेतले. ज्यांनी आधी प्लग काढला, पेट्रोल ओतून टाकले, कार्बोरेटर धुतला आणि प्लग बाहेर ठेवून किका मारून पाणी काढले, त्यांच्या जुन्या स्कूटरी पुन्हा चालल्या. हे ज्ञान कुठल्या कंपनीने वाटले नव्हते, ते शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिले.

आता चालवण्याविषयी. इथे जुन्या स्कूटरची बाजू आम्ही घेणार नाही. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे हात सैल सोडला की गाडी ओढ घेई. मंडळी डाव्या बाजूला एकअंगी बसली की तोल बरोबर होतो, असे जुने स्कूटरवाले गमतीने म्हणत. गंमत राहू द्या, पण एवढुशी चाके खड्ड्यात पूर्ण उतरत. रेल्वेने खाडी ओलांडली की लगेच नायगाव. तेच रस्त्याने जायचे तर काशिमिऱ्याला वळसा घालून वरसाव्याच्या पुलावरून, ट्रकांच्या रांगेतून. त्या रस्त्यावर पावसात लहान चाकाची गाडी दोन पोती तांदूळ घेऊन चालवणे म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. पाण्यातून गाडी गेली की ड्रमचे ब्रेक धरत नसत. पाण्याबाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून थोडे अंतर चालवायचे म्हणजे ते कोरडे होतात, ही गोष्ट आजही ड्रम ब्रेकच्या प्रत्येक गाडीला लागू आहे. ज्यांना कोणी सांगितली नाही त्यांनी आज ऐकून ठेवावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली, ते चांगलेच झाले.

स्कूटरचा खरा गुण तिच्या सपाट पायठेवणीत आहे. मोटरसायकलने पुढे ॲव्हरेजच्या जोरावर बाजार मारला, पण पायांमध्ये गॅसचा सिलिंडर, खताची गोण, भाजीची पाटी मोटरसायकलवर मावत नाही. आमच्या मायबहिणींसाठी तर १९८४ ची कायनेटिक होंडा ही वेगळीच गोष्ट होती. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबले की सुरू. किक मारायला घरातल्या पुरुषाला हाक मारायची गरज उरली नाही. २००१ साली ॲक्टिव्हा आली आणि ही सोय गावोगाव पोचली. आम्ही जुन्या गाडीचे गोडवे गातो तेव्हा ती गाडी घरातल्या निम्म्या माणसांना चालवता येत नव्हती, हे विसरून चालणार नाही. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले तेव्हा पुष्कळांना वाईट वाटले. पण त्यातल्या बहुतेकांच्या दारात त्या दिवशी दुसऱ्या कंपनीची बिनगिअरची गाडी उभी होती!

मिठाची गोष्ट अर्धी राहिली. स्कूटरचे अंग पत्र्याचे. खाऱ्या हवेत ते वरून चकचकीत दिसते आणि खालून पापुद्रे सुटतात. पायठेवणीची खालची बाजू, स्टँडची स्प्रिंग, ब्रेकच्या तारा आणि नटबोल्ट हे आधी जातात. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी गाडी खालून धुऊन, वाळवून जळके ऑईल मारायची पद्धत आहे. ब्रेकच्या जागी ते ऑईल लागू देऊ नका एवढेच. मासळीचे पाणी सांडले तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. प्लॅस्टिकच्या अंगाच्या गाडीला गंजाचे भय नाही असे विक्रेता सांगतो. प्लॅस्टिकच्या आत सांगाडा लोखंडाचाच असतो, आणि झाकलेला असल्यामुळे गंज दिसतो तो उशिरा.

आता विजेच्या गाडीकडे येऊ, कारण समोरच्या निम्म्या घरांत तोच विचार चालू आहे. २०२० च्या जानेवारीत चेतक हेच नाव घेऊन विजेची स्कूटर बाजारात आली. इतरही अनेक कंपन्या आल्या. विजेच्या गाडीला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, क्लचची तार नाही, धूर नाही. तीन युनिट विजेच्या बॅटरीवर कंपन्या सत्तर-ऐंशी-नव्वद किलोमीटरचा हिशेब सांगतात. जुनी स्कूटर एका लिटरला चाळीसच्या आसपास जायची. हिशेब तुम्हीच करा. रोजची ठरावीक फेरी असणाऱ्याला ही गाडी स्वस्त पडते, यात शंका नाही. आम्ही नव्याचे शत्रू नाही.

पण आमच्यापैकी एकाचा अनुभव ऐका. कंपनीचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहते. पहाटे भाजी नेणारा माणूस. त्याने विजेची गाडी घेतली, आठ महिने ती उत्तम चालली. भर पावसाळ्यात एका सकाळी पडद्यावर एक आकडा उमटला आणि गाडी जागची हलेना. नाक्यावरच्या मिस्त्रीने हात जोडले, कारण त्या आकड्याचा अर्थ वाचायचे यंत्र फक्त कंपनीच्या केंद्रात. केंद्राने गाडी टेम्पोतून नेली आणि सुटा भाग यायचा आहे म्हणून तीन आठवडे ठेवून घेतली. शेवटी दुरुस्ती फुकट झाली, वॉरंटी होती. पण एकवीस पहाटा रिक्षाला भाडे गेले ते कुठल्या वॉरंटीत बसते? गाडीत दोष निघाला ही आमची तक्रार नाही. दोष कुठला आहे हे मालकाला कळू द्यायचे नाही आणि मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही, ही आमची तक्रार आहे. पूर्वी गाडी मिळण्यासाठी रांग होती, आता तिचा सुटा भाग मिळण्यासाठी आहे. पेट्रोलच्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण नियम आले, कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत इंधनाचे इंजेक्शन आले, आणि तिथेही तपासणीचे यंत्र लागते.

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या समितीने पहिल्यांदा जी क्षेत्रे घेतली त्यांत वाहने आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. आज स्कूटरच्या बाबतीत जे होते आहे ते उद्या ट्रॅक्टरच्या, पंपाच्या, फवारणी यंत्राच्या बाबतीत होणार आहे. मागणी साधी आहे. दुरुस्तीची पुस्तिका मालकाला मिळावी, सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीलाही विकत मिळावेत, तपासणीचे यंत्र त्यालाही परवडेल अशा किमतीत मिळावे. यात सबसिडी मागितलेली नाही, फुकट काही मागितलेले नाही.

तोवर गाडी घ्यायला निघालेल्यांनी एवढे करावे. शोरूममध्ये ॲव्हरेज विचारण्याआधी सर्वांत जवळचे दुरुस्ती केंद्र किती किलोमीटरवर आहे ते विचारा आणि तिथे स्वतः जाऊन या. अंगणात किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते मोजा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, क्षमता किती घटली की बदलून मिळते आणि पाण्यात बुडाल्यास काय, हे कागदावर लिहून घ्या. चाळीत राहणाऱ्याने चार्जिंगची तार कुठून येणार ते आधी पाहावे. आणि चालवून पाहताना एकटे चालवू नका. मागे माणूस बसवा, पायाशी वीस किलोचे पोते ठेवा आणि चढावर न्या.

बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत दोन चेतक आहेत, एक एम-८०, पाच-सहा विजेच्या आणि बाकीच्या बिनगिअरच्या पेट्रोलच्या. मालक इथेच बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांनी आपापल्या गाडीजवळ उभे राहावे. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी त्यांना जे विचारायचे ते विचारावे, आणि मालकांनी खरे सांगावे.