कुशन उलटं करून बघा

मागच्या महिन्यात मी ऑनलाइन एक कुशन कव्हर मागवलं. वर्णनात लिहिलं होतं, 'पारंपरिक पॅलेस्टिनी विणकाम'. घरी आल्यावर उलटं केलं, तर आतून पांढरंफटक. म्हणजे चक्क छापील! विणलेला पट्टा दोन्ही बाजूंनी दिसतो ना. मग मी शोधायला बसलो.

गाझाच्या उत्तरेला अल-मज्दल हे विणकरांचं गाव होतं. तिथलं एक प्रसिद्ध सुती कापड म्हणजे 'जन्ना व नार', स्वर्ग आणि आग. त्यात हिरवे आणि लाल पट्टे. १९४८ च्या युद्धात बहुतेक लोक विस्थापित झाले, उरलेल्यांना १९५० मध्ये गाझात पाठवलं. तिथे माग पुन्हा सुरू झाले. पण ज्या झग्यांसाठी हे कापड लागायचं, ते झगेच रोजच्या वापरातून गेले. गिऱ्हाईक गेलं की माग थांबतो.

म्हणून फर्निचर. खुर्ची रोज लागते!

इथे दोन वाटा आहेत. अम्मानच्या 'नक्श कलेक्टिव'च्या दोन बहिणींनी पॅलेस्टिनी भरतकामाचे नमुने अक्रोडाच्या लाकडात आणि पितळेत उतरवले. २०१८ च्या जमील पुरस्काराच्या अंतिम यादीत त्या होत्या. काम देखणंच आहे. पण त्यात नमुना वाचतो, सुई-धागा नाही.

दुसरी वाट विणकराकडून सुरू होते. हेब्रॉनच्या दक्षिणेला अस-समू गावात बायका मेंढीच्या लोकरीचे गालिचे विणतात. जमिनीवरच्या मागावर उभे धागे खुंट्यांना ताणलेले असतात, त्यामुळे पट्टी अरुंद निघते. मोठं काही हवं असेल तर पट्ट्या जोडायच्या. लोकर दणकट, बसायला एकदम योग्य. पण आधी खुर्ची ठरवून पट्टी कापली, की कडा उसवतात आणि मेहनत वाया जाते. त्यापेक्षा पट्टीच्या रुंदीचंच स्टूल बनवा की! माप मागाचं, लाकूड त्याप्रमाणे.

मी इंजिनिअर आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. नमुन्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवर ॲप चालत नाही. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात गाझा उद्ध्वस्त झालंय. नमुने पुस्तकांत, म्युझियममध्ये सुरक्षित आहेत. पण ताण किती द्यायचा, हे फक्त हातांना माहीत असतं. त्या हातांचा बॅकअप म्हणजे शिकणारा दुसरा हात, आणि त्याला मिळणारं रोजचं काम.

तर पुढच्या वेळी असं काही घेताना आधी उलटं करून बघा. आणि विचारा, हे विणलं कोणी?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!