लाडवाला इंग्रजीत काय म्हणायचं?
(महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, पोळ्याचा स्वयंपाक आता 'मेनू' झाला. पुरणपोळी 'स्वीट डिश', वडे 'स्नॅक्स'. आपण पहाटेपासून चुलीशी राबतो, त्याला 'होममेड' म्हटलं की सगळे मोकळे! पोरींच्या तोंडी हे शब्द आले, माझी हरकत नाही. पण त्यांत आपले कष्ट दिसतात का?

मोहाचंच बघा. चैत्रात अंधारात उठून आई फुलं वेचायची, वाळवायची. सणाला ती भाजून, तीळ घालून लाडू वळायची. त्या लाडवाला इंग्रजी नाव नाही. मोहफूल कागदावर 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस' आणि बोलण्यात 'लिकर'. आमच्या पोटाला आधार देणारं अन्न 'मायनर' कसं?

गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती बायांच्या लढ्यामुळे. चंद्रपुरात २०१५ साली झाली, २०२१ साली उठली. पण आपलं भांडण दारूशी आहे, फुलाशी नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. त्यात बायाही आल्या. तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात आपणच लिहून घेऊ: मोहफूल हे आमचं अन्न आहे.