वर्गणी आणि कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’



आपल्याच वाटेने जाणाऱ्या माणसाचे आम्हां युनियनवाल्यांना थोडे भयच वाटते. संपात असा एक जण गेटमधून आत गेला की शंभरांचा धीर खचतो. म्हणून धोंडो केशव कर्व्यांचे १९१५ साली निघालेले ‘आत्मवृत्त’ तरुणपणी वाचले, तेव्हा आम्ही त्यास नमस्कार करून ते फळीवर ठेवून दिले. यंदा कपाट आवरताना ते पुन्हा हाती आले.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार! आणि याच गावासाठी त्यांनी आधी ‘मुरूड फंड’ काढून पैसा जमवला होता. संप फोडणाऱ्यावर आम्हीही हेच हत्यार उगारतो. वाचताना ते सुखाचे वाटले नाही. पण संप फोडणारा स्वतःपुरता आत जातो. कर्वे निघाले ते मागून येणाऱ्यांसाठी. त्याच साली पुनर्विवाहासाठी मंडळी, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. पैसा कुठून? गावोगाव वर्गणी मागून. आणि माणूस मुळात लाजाळू हो! पावतीपुस्तक घेऊन गेटवर उभे राहिले की ओळखीचा माणूसही चपलांकडे पाहत पुढे जातो, हे आम्हांस विचारा.

येत्या पगाराला आम्ही आमच्या नव्या कार्यकर्त्यास पावतीपुस्तकाबरोबर हेही पुस्तक देणार आहोत. आधी तो पावतीपुस्तकच उघडील. उघडू द्या.