समान नियम, असमान फळ



नियम सर्वांस सारखा असला की न्याय झाला, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस वाटत नाही. सन २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील एका आदिवासी कलावंताने, कॅनडातील निवासी शाळांत आदिवासी मुलांवर झालेले अत्याचार दर्शविणाऱ्या, मण्यांनी विणलेल्या पट्ट्याचे छायाचित्र फेसबुकवर ठेवले. शीर्षकास जुन्या छळकर्त्यांचेच घोषवाक्य घेतले होते. यंत्राने मजकूर संशयास्पद ठरविला, तपासनिसाने री ओढली आणि द्वेषप्रसार म्हणून ते काढले गेले! (अपीलही व्यर्थ गेले.) कंपनीच्या देखरेख मंडळाने प्रकरण हाती घेतले, तेव्हा कोठे ते परत आले.

ज्यास अन्याय सांगावयाचा, त्यास अन्याय करणाऱ्याचे शब्द उच्चारावे लागतात. इतरांस ती गरजच नसते. आपल्यापैकी कोणी आजोबांस ऐकावी लागलेली जातिवाचक शिवी तेथे लिहिली, तर ती दिलेली की सोसलेली, हे यंत्रास कसे कळावे?