जोतीरावांनी मागितलेला मास्तर
(तुमसर येथे प्राथमिक शाळांतील शिक्षक व इतर सेवकवर्गापुढे दिलेले व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, शिक्षक बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या स्वयंपाकीण बायांनो व शिपाईभाऊंनो,

मागच्या मंडळींनी आधी कृपा करून पुढे यावे. सभेच्या पत्रकावर 'प्राथमिक शाळेतील सेवकवर्गाचे वर्तन' असा विषय छापला आहे. सेवकवर्गात तुम्ही आलातच. मुलाच्या ताटात भात पडतो तो तुमच्या हातून. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, त्या कोणा साहेबांसाठी राखल्या असतील तर ते आल्यावर पाहू.

मी विद्वान नव्हे. तीस वर्षे मास्तरकी केली, एवढाच माझा अधिकार. आणि ती सगळी चांगली केली असाही माझा दावा नाही. त्यातल्या एका चुकीची हकीकत मी आज सांगणार आहे. पण प्रथम एका जुन्या कागदाची आठवण देतो.

ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपली कैफियत मांडली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना पाठ आहे. परंतु मास्तर कसा असावा, याबद्दल त्यांनी जे लिहिले त्याकडे आपले लक्ष कमी जाते. मास्तर शिकून तयार झालेला असावा, शेतकरी वर्गातून आलेला असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरणारा असावा आणि खालच्या थरातील लोकांत सहज मिसळणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. सोवळ्याओवळ्यामुळे रयतेपासून फटकून राहणारा पंतोजी रयतेचे मूल शिकवू शकत नाही, हा त्यांचा अनुभव होता. आणि अशा मास्तराला पगार चांगला द्या, गावच्या कारभारात मान द्या, हेही ते विसरले नाहीत.

आता आपण या मंडपात चौफेर पाहू. कुणबी, तेली, पोवार, कोष्टी, कलार, गोंड, बौद्ध अशा सगळ्या घरांतले मास्तर आणि बाया येथे बसल्या आहेत. म्हणजे जोतीरावांनी मागितलेल्या मास्तराची जात आपल्याला मिळाली. त्याचे वर्तन मिळाले काय? ब्राह्मण पंतोजीवर टीका करणे आपल्याला सोपे गेले. आता खुर्चीवर आपणच आहो, आणि समोर बसलेले मूल मात्र तेच आहे: मजुराचे, बांधीत राबणाऱ्या बाईचे, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कष्ट करणाऱ्याचे.

सरकारलाही वर्तनाची काळजी आहे. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्णय निघाला. जीन्स नको, टी-शर्ट नको, नक्षीचे कापड नको, पुरुषांनी सदरा पॅंटीत खोचावा. आणि डॉक्टर जसे 'डॉ.' लावतात तसे शिक्षकांनी नावामागे 'टि' लावावे. नीटनेटके कपडे घालावेत याला माझी ना नाही. पण सदरा खोचल्याने जीभ सुधारत नाही, आणि 'टि' ला वेलांटी कोणती द्यावी याचाच विचार करीत मी दोन दिवस घालवले.

जिभेचीच गोष्ट आधी घेऊ. आपल्या भागातले मूल घरी झाडी बोलते. त्याच्या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. ते 'पानी' म्हणते आणि डोळ्याला 'डोरा' म्हणते. पहिलीतले पोर रडत येऊन 'गुर्जी, डोरा दुखते' म्हणते, तेव्हा डोळा पाहावा की शुद्धलेखन? कित्येक मास्तर आधी हसतात, मग वर्गाला हसवतात. त्या दिवसापासून ते मूल तोंड उघडत नाही, आणि वर्षअखेरीस आपण शेरा मारतो की मूल मंद आहे. पुस्तकी भाषा शिकवणे हे आपले कामच आहे. परंतु ती मुलाच्या बोलीच्या शेजारी नेऊन बसवावी, तिच्या छातीवर नव्हे. मुलाला बापाच्या धंद्यावरून हाक मारणे, 'ढोरक्या', 'मजुराचा' म्हणणे, हे तर वर्तन या शब्दातही बसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारण्याची मनाई केली, तशीच मानसिक छळाचीही केली आहे. छडी बहुतेकांनी ठेवून दिली. छळ जिभेवर राहिला.

आता माझी चूक. शाळेचे नाव सांगत नाही. मागासवर्गीय मुलींना पाचवी ते सातवीपर्यंत सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते. त्या वेळी ती महिना ६० रुपये होती. कागद तातडीने पाठवायचे होते म्हणून मी भर वर्गात म्हणालो, "अमक्या अमक्या जातीच्या मुलींनी उभे राहा." चार उठल्या. पाचवी उठली नाही. मी तिचे नाव घेतले तरी ती खाली मान घालून बसून राहिली. मी रागावलो, "फुकटचे पैसे नकोत काय?" असे बोललो. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "गुर्जी, ते पैसे राहू द्या, पोरीचं बसणं मोडलं." तोवर त्या बाकावर तीन मुली बसत होत्या, त्या दिवशी ती एकटी होती. ज्या सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलून मुलींना वर्गात बसवले, त्यांच्या नावाचे पैसे वाटताना मी एका मुलीला बाकावर एकटी पाडली. तेच काम मला मधल्या सुटीत, एकेकीला बाजूला बोलावून करता आले असते. दहा मिनिटे जास्त लागली असती.

गणवेशाचेही असेच होते. कित्येक वर्षे सरकारी शाळेत मोफत गणवेश सर्व मुलींना आणि फक्त ठराविक गटांतील मुलांना मिळे. वाटपाच्या दिवशी कोणता मुलगा कोणत्या रकान्यातला ते साऱ्या वर्गाला समजे. २०२३ साली राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचे ठरवले, तेव्हा हा प्रकार थांबला. पण यादी मोठ्याने वाचण्याची आपली खोड अजून गेली नाही.

शिपाईभाऊ, आता तुमच्याकडे वळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत असता कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत, आणि ते गोणपाट त्यांनाच घरून आणावे व परत न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. नळाला त्यांना शिवता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई जागेवर नसेल तर तहान. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पाहा, शाळेत सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या हाती केवढी सत्ता होती! १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या नोकरांना बजावले की, अस्पृश्य मानलेल्यांना समतेने वागवा. ज्याला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. त्याच साली त्यांनी वेगळ्या शाळा मोडून मुले एकत्र बसवली. वर्तनाचा नियम कसा लिहावा याचा हा नमुना आहे.

भाताची गोष्ट यालाच लागून येते. अमक्या जातीच्या बाईने शिजवले म्हणून आमची मुले जेवणार नाहीत, असे सांगणारे पालक या देशात ठिकठिकाणी निघाले आहेत. पोषण आहार वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यावी असा नियम आहे. तो विषबाधेच्या भीतीने केला. पण मी म्हणतो, ती चव खोलीत चमच्याने घेऊ नका. मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसा आणि बाईच्या हातून वाढून घ्या. ज्या पालकाला उत्तर हवे आहे त्याला ते मिळेल. आणि या बाईला 'ए बाई' म्हणू नका. तिला जे मानधन मिळते त्यात आपली आठवड्याची गाडीखर्चीही निघत नाही.

गाडीवरून आठवले. तुमसर रोडला गाडी थांबते, ही मोठीच सोय. पण कित्येक शाळांची घंटा गाडीच्या वेळेवर वाजते, हे गावकऱ्यांना कळत नाही असे समजू नका. मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून २०२२ साली राज्यभर वाद झाला. गावात राहण्याजोगे घर नाही, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, ही मास्तरांची अडचण खरी आहे. तेव्हा राहायचे कोठे हे मी सांगत नाही. घंटेला हजर असावे, एवढेच मागतो. कायद्याचे २४ वे कलमही नियमित व वेळेवर येणे हेच शिक्षकाचे पहिले कर्तव्य सांगते. आणि जो मास्तर स्वतः उशिरा येतो तोच, चैतात मोहफुले वेचून येणाऱ्या पोराला फाटकाबाहेर उभे करतो! मोहफूल पहाटे पडते आणि शाळाही त्या दिवसांत सकाळची असते, यात पोराचा काय अपराध? त्याला आत घ्या, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईशी बोला.

वरिष्ठांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून इतर कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. प्रत्यक्षात माहिती भरण्यात त्यांचा दिवस जातो. मास्तराकडून शिस्त हवी तर त्याला वर्गात राहू द्या.

कागदांत मात्र एक कागद असा आहे की त्यात हयगय चालणार नाही, आणि तो म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. आमच्या पिढीत अर्धा गाव १ जून किंवा १ जुलैला जन्मलेला असे, कारण मास्तराने विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत. ते हसण्यावारी गेले. जातीच्या रकान्याचे तसे नाही. हलबा की कोष्टी, गोवारी की गोंड-गोवारी, हे आपल्याच भागातले वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ साली नागपुरात गोवारी बांधवांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. जातपडताळणीत आजही आजोबाच्या शाळेतली जुनी नोंद मागतात. तेव्हा बाप अंगठेबहाद्दर असला तरी त्याला खुर्ची द्या, नोंद वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या.

शेवटची गोष्ट बोलायला जड जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे उघडकीस आले आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 'शाळेचे नाव जाईल', 'आपल्याच समाजाचा माणूस आहे' असे म्हणून झाकू नका. आपल्या समाजाची ती मुलगीही आहे. स्वयंपाकीण बायांना मुली जे सांगतात ते मास्तरांना सांगत नाहीत. म्हणून बायांनो, तुम्ही ऐकलेत तर त्याच दिवशी बोला. आणि मुख्याध्यापकांनी "तुझे काम भात शिजवण्याचे" असे उत्तर देऊ नये.

रोवणीचे दिवस आहेत. पुढे येऊन बसलेल्या बायांपैकी निम्म्यांना अजून बांधीत परत जायचे आहे, म्हणून मी येथे थांबतो. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी विचारावे. पहिला प्रश्न त्यांचा घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती आहे.